चार फुटांची पऱ्हाटी आणि दीडशे दिवस

नवी मुंबईत कापसाचं वावर शोधून सापडायचं नाही, पण कापसाचा हिशेब इथे रोज होतो. भारतीय कापूस महामंडळाचं, म्हणजे सगळे ज्याला सीसीआय म्हणतात त्याचं, मुख्यालय बेलापूरच्या सेक्टर १० मधल्या कपास भवनात आहे. न्हावा शेवा बंदरातून आपल्या गाठी बाहेर जातात आणि ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतल्या गाठी आत येतात. मी बेलापूरलाच एका सूत निर्यातदारासाठी गाठी निवडण्याचं काम करते. माझ्यासमोर कापूस येतो तो आकड्यांच्या रूपात : धाग्याची लांबी, ताकद, कचरा, रंग आणि मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याची जाडी आणि पक्वता एकत्र सांगणारं माप. माझे मामा अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कापूस पिकवतात. त्यांच्यापुढे तो येतो क्विंटलमध्ये.

मे २०२५ च्या अखेरीस मामा एका लग्नासाठी खारघरला आले आणि त्याच आठवड्यात, २६ मे रोजी, मान्सून मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची त्याआधी नोंद नाही. बाहेर धो धो पाऊस आणि मामांचा जीव वावरात. लग्न राहिलं बाजूला. आम्ही बोलत राहिलो ते पऱ्हाटी कधी लावायची आणि किती अंतरावर लावायची, यावर.

"मले उद्याची गाडी पाहून दे," मामा म्हणाले. "रोहिणीतच पाऊस लागला. आता टोबणी उरकून घेतली का पहिला वेचा दसऱ्याले घरात."

"मामा, हा पाऊस इथला आहे. तुमच्याकडे कुठे पोचलाय अजून?"

"मुंबईले आला म्हणजे चार-आठ दिवसांत अकोल्याले येते."

"येईल, पण थांबेल का? कोरडवाहूत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं."

"विद्यापीठ सांगते ते बरड जमिनीले लागू आहे," मामा म्हणाले. "आमची जमीन काळी, खोल. एक मोठा पाऊस झाला का आठ-पंधरा दिवस वाफसाच येत नाही. पाय टाकला का गुडघाभर चिखल. तोवर मृग गेला, आर्द्रा आली. म्हणून तर आमच्याकडे धूळपेरणी करतात. कोरड्या मातीत सरकी टाकून ठेवायची, पाऊस आला का उगवते. कधी मोड येते, बियाणं वाया जाते, मले मान्य आहे. पण पेरणीचे गेलेले पंधरा दिवस कोणाच्या बापाले परत आणता येत नाहीत."

हे म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा म्हणजे वर सोन्यासारखी काळी माती आणि खाली खारट पाणी. विहीर खोदून उपयोग नाही, कारण ते पाणी पिकाला दिलं तर जमीन बिघडते. पीक जगतं ते पावसाच्या पाण्यावर आणि पाऊस गेल्यावर मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर. अशा ठिकाणी पेरणीची तारीख ठरवताना आभाळाइतकंच जमिनीकडेही बघावं लागतं, आणि ते मामा बघतात.

"धूळपेरणीवर माझा आक्षेप नाही," मी म्हणाले. "सरकी पावसाची वाट बघत पडून राहते, पीक पावसाबरोबरच सुरू होतं. मला भीती आहे ती मे महिन्यातल्या ठिबकवरच्या लागवडीची. खानदेशात ती सर्रास होते. तुमच्या अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याकडच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यातही होते. आणि तुम्हालाही उगवण झाल्यावर पाऊस दडला तर टँकरचं पाणी घालण्याचा मोह होतोच."

"मंग त्यात वाईट काय? लवकर लावली का लवकर येते. गहू-हरभऱ्याले वावर मोकळं."

"वाईट हे, की ती अळीच्या वेळापत्रकात बरोब्बर बसते. वीस मेला लावली, की जूनच्या शेवटी पाती धरतात, जुलैच्या मध्यावर फुलं. गुलाबी बोंडअळी उन्हाळाभर जुन्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, जिनिंगमधल्या सरकीत झोपून असते. जून-जुलैच्या पावसानं ती जागी होते, पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शिवारात पाती-फुलं नसली, तर पतंगाला अंडी घालायला जागा नाही आणि ती पिढी तशीच संपते. मे मधली पऱ्हाटी त्या पतंगांना नेमकं जेवण वाढते. तिथे वाढलेली पुढची पिढी मग तुमच्या जूनच्या पऱ्हाटीवर उतरते."

मामा गप्प झाले. २०१७ चा हंगाम त्यांनी भोगला आहे. डोमकळ्या, मिटून राहिलेली फुलं, वरून शाबूत दिसणारं पण आतून पोखरलेलं बोंड, आणि वेचणीला आलेल्या बायांच्या ओट्यात कापसापेक्षा किडकी कवडी जास्त. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं, आणि दहा-अकरा वर्षांत गुलाबी अळीनं दोन्ही विषं पचवली. त्याच २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर मेले. त्यानंतर काही हंगाम कृषी खात्यानं शेतकऱ्यांना एक जूनआधी कापसाचं बियाणं विकायला मनाई केली, ती अळीचं हे वेळापत्रक मोडण्यासाठी. तारीख हा तेव्हापासून एकट्या कास्तकाराचा खासगी निर्णय राहिलेला नाही.

"पण मले सांग," मामा म्हणाले, "मी धरली जूनची तारीख, आणि वरच्या पट्ट्यातल्या बागायतदारानं लावली मे मधे. त्याचे पतंग माह्या वावरात यायले काय पासपोर्ट लागते? मी एकट्यानं पाळून काय होते?"

"एकट्यानं काही होत नाही, हे खरं आहे. अमेरिकेत अॅरिझोनाकडे याच अळीनं दशकानुदशकं छळलं. तिथे अमुक तारखेपर्यंत पऱ्हाट्या उपटून नांगरून टाकायच्या असा कायदा होता, वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, बीटी वापरलं, सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी. २०१८ मध्ये अमेरिकेनं ही अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं."

"तिथं एकेकाचं हजार एकर. पाच-पन्नास लोकं बसले का गाव झालं. आमच्या शिवारात शंभर खातेदार, कोणाचं दीड एकर, कोणाचं तीन. आणि पऱ्हाटी उपटून चुलीले काय लावू? वर्षभराचं जळतण आहे ते."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि खरं तर ते एकट्या मामांनी शोधायचं उत्तर नाहीच. ग्रामसभेत पिकाची तारीख ठरवणारं एखादं गाव मला बघायचं आहे. पाणलोटासाठी, जलसंधारणासाठी गावं एकत्र आली ती याच महाराष्ट्रात.

चहा झाल्यावर विषय अंतरावर आला. मामांची पद्धत जुनी, चौफुलीची : तीन फुटांवर ओळ आणि ओळीत तीन फुटांवर झाड. अलीकडे खोल जमिनीत ते चार बाय दीड फुटांवर आलेत. मी सघन लागवडीचं नाव काढलं, तीन फुटांची ओळ आणि झाडांत जेमतेम अर्धा फूट, तसं त्यांनी हातच जोडले.

"एवढी दाटी? पऱ्हाटीले हवा नको काय? मोकळी लावली का झाड कसं डवरते. पन्नास बोंडं मोजून घे एका झाडाले."

"झाडाची बोंडं मोजू नका मामा, एकराची मोजा. एकराला आठ क्विंटल कापूस हवा असला, आणि एका बोंडात चार ग्रॅम कापूस धरला, तर किती बोंडं लागतात?"

ते क्षणभर थांबले. "दोन लाख."

"चौफुलीत एकरात झाडं बसतात पाच हजार. म्हणजे एका झाडानं चाळीस बोंडं द्यायला हवीत. तीन बाय अर्ध्या फुटावर बसतात तीस हजार. एका झाडानं सातच द्यायची."

"मंग हिशेब तर सारखाच झाला. आठ क्विंटल ते आठ क्विंटल. तीस हजार झाडं कायले लावू?"

इथे आमच्या वादाचा कणा आहे. सघन लागवडीच्या जाहिरातीत दाट लावा आणि उत्पन्न दुप्पट करा असं सांगितलं जातं, तेव्हा मला ते अर्धवट वाटतं. दाटी स्वतःहून कापूस पिकवत नाही. तिच्यामुळे वेळ वाचतो. चाळीस बोंडं धरायला झाडाला आधी फांद्यांचा पसारा उभा करावा लागतो, मग दोन महिने फुलत राहावं लागतं. सात बोंडं खालच्या पाच-सहा फळफांद्यांवर, खोडालगतच्या पहिल्या जागेवर धरतात आणि तीन-चार आठवड्यांत काम आटोपतं. फुलोरा जितका लांब, तितक्या अळीच्या पिढ्या जास्त. महिन्या-सव्वा महिन्यात तिची एक पिढी होते. चौफुलीची पऱ्हाटी १७०-१८० दिवस उभी राहते, दाट लावलेली लवकर येणारी पऱ्हाटी १४०-१५० दिवसांत वावर सोडते. ऑक्टोबरनंतर अळीचा जोर चढतो तेव्हा हिची बोंडं पक्की झालेली असतात. आणि खारपाणपट्ट्यासारख्या ठिकाणी पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतल्यावर उरलेल्या ओलीवर चाळीसांपैकी शेवटची पंधरा-वीस बोंडं कशी भरतात, हे मामांपेक्षा कोणाला जास्त माहीत?

"शेवटची बोंडं लहानच राहतात," ते पुटपुटले. "आकसलेली."

"आणि ही दाटी काही परदेशी नाही. तुमचे वडील कसे पेरायचे कापूस?"

"आबा? ते तिफणीनं. सरत्यातून सरकी सोडत जायचे. सरकी शेणात घोळून मोकळी करायची आधी, नाही तर ती एकमेकीले चिकटते. ओळी दीड फुटाच्या. देशी कापूस होता, उंचही होत नव्हता."

"म्हणजे तुमच्या घरात दाट पेरणी तुमच्याआधीपासून आहे."

१९७० मध्ये सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला, पुढे नांदेडच्या संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी गेला, आणि तिथून आपली पऱ्हाटी पसरत गेली. संकरित बियाणं हातानं फूल खुडून, हातानं परागीकरण करून तयार होतं, म्हणून महाग. महाग म्हणून एकरी बी कमी, आणि बी कमी म्हणून झाड मोठं आणि मुदत लांब. अंतर पिकाच्या गरजेतून कमी आणि बियाण्याच्या किमतीतून जास्त ठरत गेलं, असं माझं मत आहे. जगातले बहुतेक मोठे कापूस उत्पादक देश सरळ, म्हणजे संकरित नसलेले वाण पेरतात. ब्राझीलमध्ये मातो ग्रोसोत सोयाबीन काढून जानेवारीत कापूस पेरतात, तोही बव्हंशी पावसावर, आणि त्यांची रुई हेक्टरी अठराशे किलोच्या पुढे जाते. आपली देशाची सरासरी साडेचारशेच्या आसपास. या फरकाचं सगळं श्रेय दाटीला देणं चूक होईल. तिथला पाऊस वेगळा, यंत्रं वेगळी, आणि फवारण्या इतक्या की आपल्याकडे परवडायच्या नाहीत. पण छोटं झाड आणि छोटी मुदत हे त्या पद्धतीच्या पायाशी आहे.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं केशव क्रांती संचालक असताना विदर्भातल्या हलक्या कोरडवाहू जमिनींसाठी हीच वाट धरली होती : सूरज, पीकेव्ही ०८१, एनएच ६१५ असे सरळ वाण, ओळींत दोन फूट आणि झाडांत चार इंच. २०२३-२४ पासून केंद्राच्या विशेष प्रकल्पात आठ राज्यांत जी सघन लागवडीची प्रात्यक्षिकं झाली, त्यात मात्र मुख्यतः खासगी कंपन्यांची संकरित वाणं वापरली गेली. अकोला त्यातला गाजलेला जिल्हा.

"गाजला म्हणते तू, पण पाकिटं मोज," मामा म्हणाले. "मले एकरी दोन पाकिटं लागतात. तुह्या दाटीले सहा. पाकीट नऊशे एकचं. चार पाकिटं जास्तीची म्हणजे छत्तीसशे रुपये, पाऊस पडायच्या आधी, उधारीवर. पाऊस हुकला का तेही मातीत."

आकडा बरोबर होता. २०२५ च्या हंगामासाठी बीजी-२ च्या, म्हणजे दोन जनुकांच्या बीटीच्या, ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरली होती. पाकिटात साधारण पाच हजार बिया. तीस हजार झाडांना सहा पाकिटं लागणारच. हलक्या जमिनीत ज्याला दाटीची सर्वांत जास्त गरज, त्याच कास्तकाराच्या खिशाला ती सर्वांत जड. सरळ वाणाचं बीटी बियाणं पुरेसं आणि स्वस्त मिळालं असतं, घरची सरकी पुढच्या वर्षी वापरता आली असती, तर हा प्रश्नच उरला नसता. दाट लावा हा सल्ला देणाऱ्या प्रत्येकानं आधी हे बियाणं द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

"आणि डवरणीचं काय?" मामांनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो मला शहरात बसून कधी सुचला नसता. "चौफुलीत बैलाचा डवरा उभाही चालते आणि आडवाही चालते. झाडाच्या चारी अंगचं तण निंघते. निंदाईच्या बाया एकदा सांगितल्या तरी भागते. अर्ध्या फुटावर झाड असल्यावर आडवा डवरा कसा घालू? ओळीतलं तण हातानं काढायले बाया लागतात, आणि बाया सोयाबीनच्या निंदाईले गेल्या राहतात त्याच टाइमाले."

"तणनाशक आहे."

"आहे. तेही पैशाचंच आहे. आणि तूर कुठं लावू? आठ तास पऱ्हाटी, दोन तास तूर, हे आमचं वर्षाचं वरण आहे."

तुरीच्या तासांना, म्हणजे ओळींना, जागा करता येते, पट्टा सोडून. डवऱ्याच्या मुद्द्याला तोड नाही. तीन बाय तीनची जाळी ही अडाणी सवय नव्हती. माणसं कमी आणि बैल घरचे होते, तेव्हा त्यांनी काढलेला तो शहाणा तोडगा होता. बैल कमी झाले तसा त्याचा पाया खचला, पण ज्याच्या गोठ्यात अजून जोडी आहे त्याच्यासाठी तो जिवंत आहे.

मग मी मामांच्या जमिनीवर आले, कारण तिथे माझं म्हणणं मलाच आवरतं घ्यावं लागतं. खोल काळ्या जमिनीत चांगला पाऊस झाला की पऱ्हाटी माजते. पाच-सहा फूट उंच, ओळी मिटून जातात, आत ऊन जात नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत खालची बोंडं सडतात, म्हणजे ज्या खालच्या सात बोंडांवर दाटीचा सगळा हिशेब उभा आहे तीच हातची जातात. म्हणून दाटीबरोबर झाडाची वाढ रोखावी लागते. चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसापासून मेपिक्वाट क्लोराईडच्या फवारण्या हा एक मार्ग. परभणीकडचे दादा लाड यांनी लोकप्रिय केलेला दुसरा : गळफांद्या, म्हणजे नुसत्या वाढीच्या फांद्या, वेळेवर काढायच्या आणि झाड तीन-साडेतीन फुटांवर आलं की शेंडा खुडायचा. त्याला औषधाचा खर्च नाही, हात मात्र लागतात.

"म्हणजे माह्या खारपाणात अर्ध्या फुटाची दाटी नको," मामा म्हणाले.

"नको. तिथे तीन बाय एक फूट पुरे. एकरी पंधरा हजार झाडं, तीन पाकिटं. शेंडा खुडायचा. गावाजवळचा जो बरड तुकडा आहे, तिथे पऱ्हाटी तशीही कंबरेच्या वर जात नाही. तिथे चार फूट सोडणं म्हणजे मधली जमीन तणाला देणं आहे."

रात्री जेवणानंतर मी त्यांना माझ्या कामातले दोन अहवाल दाखवले. एकाच तालुक्यातल्या गाठी, एका गाठीचा मायक्रोनेअर चारच्या आसपास, दुसरीचा तीनच्या जवळ. दुसरी गाठ आम्ही घेतली नव्हती.

"लांबी तर दोन्हीची जवळपास सारखीच दिसते," मामांनी चष्मा सावरत विचारलं. "मंग काऊन नाही घेतली?"

"कारण तिचा धागा कच्चा आहे. फूल उमलल्यावर पहिले वीस-पंचवीस दिवस धागा नुसता लांब होतो, पोकळ नळीसारखा. त्यानंतरचे वीस-पंचवीस दिवस त्या नळीच्या आतून रोज थर चढतो आणि ती भरीव होते. पहिल्या टप्प्यात पाण्याचा ताण पडला तर लांबी मारली जाते. दुसऱ्या टप्प्यात रात्री थंड झाल्या तर थर नीट चढत नाहीत. जुलैच्या मध्यानंतर लावलेल्या पऱ्हाटीला फुलं येतात सप्टेंबरअखेर. तोवर पाऊस चालला, आणि नंतरच्या फुलांच्या बोंडांत थर चढायच्या वेळी डिसेंबर येतो. विदर्भात रात्री दहा-बारा अंशांवर उतरतात. तो धागा सुतात गुठळ्या करतो, आणि रंगवल्यावर कापडावर पांढुरके ठिपके उमटतात. फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पऱ्हाटीच्या कापसाचं, तेच. आणि मे मधल्या लागवडीचं उलटं : बोंडं सप्टेंबरात फुटतात, परतीच्या पावसात भिजतात, कापूस पिवळा पडतो."

"अंतरानं काय फरक पडते धाग्यात?"

"थेट फार थोडा. लांबी मुख्यतः वाणाची. पण दाट लावल्यावर सगळी बोंडं एका दमात, एकाच हवेत भरतात म्हणून कापूस एकसारखा येतो. चौफुलीत पहिल्या वेच्याचा कापूस पावसाळ्यातला, शेवटचा हिवाळ्यातला, आणि घरात दोन्ही एकाच ढिगावर."

मामांनी अहवाल परत दिला. त्यानंतर ते जे बोलले ते मी माझ्या कार्यालयात सगळ्यांना ऐकवलं आहे.

"पोरी, तू म्हणते ते सगळं खरं असंन. पण मले लांबीचे पैसे कोण देते? मायक्रोनेअरचे कोण देते? व्यापारी मूठ भरून दाबून पाह्यते, ओला आहे काय ते विचारते, आणि भाव सांगते. माहा पहिला वेचा आणि शेजाऱ्याची फरदड जिनिंगमधे एकाच ढिगाले जाते. गाठ बनल्यावर तुम्ही यंत्रात घालून पास-नापास करता. तो निकाल माह्या वावरापर्यंत कधी येत नाही. येऊ दे, मंग मी तारीख पाळतो का नाही ते पाह्य."

हमीभावात धाग्याचा विचार आहे, हे मी सांगितलं. २८ मे २०२५ ला जाहीर झालेल्या भावात मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. त्या वर्गांना लांबी आणि मायक्रोनेअरच्या मर्यादा घालून दिलेल्या आहेत, आणि बारा टक्क्यांहून ओला कापूस सीसीआय घेत नाही. पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत ज्याला दिवाळीची उसनवारी फेडायची असते तो गावातच माल देऊन मोकळा होतो, आणि गावात धागा कोणी मोजत नाही. वाशीच्या बाजार समितीत हापूस आकारानं, रंगानं, पेटीनं वेगळा लागतो आणि तसा भाव घेतो. राज्यात सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर उभं राहणारं पीक मात्र मुठीत दाबून विकलं जातं. तारखेचा आणि अंतराचा सल्ला शेतकरी का ऐकत नाहीत, याची कारणं शोधणाऱ्यांनी आधी इथे बघावं. गाठीचा अहवाल जिनिंगमध्ये होतो. त्याआधी, गाडी उतरतानाच, दोन मूठ कापसाची चाचणी करून कास्तकाराला चिठ्ठी देणं तंत्राच्या दृष्टीनं अवघड राहिलेलं नाही. माटुंग्याची सिरकॉट ही संस्था १९२४ पासून शंभर वर्षं धागा मोजते आहे. मोजण्याची विद्या आपल्याकडे आहे, ती वावराच्या दिशेला वळवायची आहे.

मामांनी उद्याची गाडी रद्द करायला लावली. मान्सून मे अखेरीस अडखळला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही. कृषी खात्यानं पेरणीची घाई करू नका असं सांगितलंच होतं. निघताना त्यांनी यादी माझ्याकडून लिहून घेतली. बरड तुकड्यात तीन बाय अर्धा फूट, लवकर येणारं वाण, सहा पाकिटं. खारपाणात तीन बाय एक, धूळपेरणीच, पण मृग लागल्यावर. आठ तासांनंतर दोन तास तूर. मधल्या एका एकरात चौफुली तशीच ठेवायची, कारण बैलजोडी अजून आहे आणि त्यांना तिन्हींचा कापूस वेगवेगळ्या गाठोड्यात बांधून बघायचा आहे.

"आणि प्रत्येकातली दोन मुठी मी तुह्याकडे पाठवीन," ते म्हणाले. "ते आकडे मले मराठीत लिहून पाठव. आमच्या जिनिंगवाल्याले दाखवतो आणि विचारतो, आता बोल, भाव वेगळा देतं का नाही."